हाकेवरचा अंगठा

मी लिहायला बसावं असं माझ्यात काही नाही, हे आधीच कबूल करतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज, आणि अर्जात माणसाविषयी नाव, वय, धंदा एवढंच विचारतात. आमच्याच घरात राहत आलेल्या माझ्या वडिलांच्या मामांविषयी, ज्यांना मी आजा म्हणतो, तेवढंच लिहून मी थांबलो असतो. पण एकदा त्यांचा निराधार योजनेचा अर्ज भरताना मी धंद्याच्या रकान्यापाशीच अडकलो. मी 'शेतमजूर' लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. "मजूर काऊन लिहितं बे? मास्तर लिह." मी म्हटलं, "आजा, कशाचे मास्तर?" तर म्हणाले, "बैलाचा." बीबीपासून लोणारपर्यंतच्या पट्ट्यात आजवर जेवढे बैल सरळ चालले ते सगळे या एका माणसामुळे, आणि जेवढी माणसं वाकडी चालली ती त्यांच्या हाताखालून गेली नाहीत म्हणून, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. ते खोडून काढायला माझ्यापाशी काही पुरावा नाही.

गोऱ्हा म्हणजे अजून मानेवर जू न घेतलेला जवान बैल. असे गोऱ्हे लोक आजांकडे आणून सोडत, आणि आजा त्यांना वखर ओढायला शिकवून परत पाठवत. त्यांच्या हातात काठी कधी कोणी पाहिली नाही. त्यांचं सगळं काम आवाजावर. जिभेनं दोनदा 'टक् टक्', मग घशाच्या तळातून लांब 'हिर्रर्र', आणि शेवटी विनवणी केल्यासारखं 'ये राजा ये'. या हाकेवर गोऱ्हा पाऊल उचलायचा. आजांच्या शास्त्राप्रमाणे प्रत्येक बैलाला आपलं एक अंग असतं. जुवाच्या डाव्या अंगाला शिकलेला बैल उजव्या अंगाला जुंपला की तो बावचळतो, जोडीदारालाच ढकलतो, वळायचं तिथे थांबतो. त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवावं लागतं. हे शास्त्र त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं होतं. ते स्वतः उजव्या अंगाचे. पंगतीत, ओट्यावर, मयतीला, कुठेही ते सोबतच्या माणसाच्या उजवीकडेच बसणार. एकदा लोणारहून येताना एस.टी.त दोघांच्या बाकावरची उजवी जागा एका शाळामास्तरांनी घेतली होती. आजा अर्धा तास डावीकडे अंग चोरून बसले आणि मग कळवळून म्हणाले, "मास्तर, तुमी कोन्या अंगाचे?" मास्तरांनी घाबरून आपल्या गावाचं नाव सांगितलं.

माणसं पारखायची त्यांची पद्धतही हीच. माझ्या चुलतबहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, मुलीला जरा चालून दाखवू द्या. आजा उठले. "पोरगी आमी रोज पाहून राह्यलो. पोरगं चालवा." आणि त्या नव्या बुटातल्या बिचाऱ्या पोराला त्यांनी सगळ्यांदेखत हापशीपर्यंत जाऊन परत यायला लावलं. परत आल्यावर निकाल दिला, "खांदा चांगला हाय. पन वळनावर दचकते. याले बाजारात एकटं सोडत जाऊ नका." लग्न झालं. जावई आजही बाजाराला बहिणीला सोबत घेऊनच जातात. ते प्रेमानं की आजांच्या भीतीनं, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. मी बारावी पास झालो तेव्हा आजांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी माझा वरचा ओठ अंगठ्यानं उचलून दात पाहिले आणि वडिलांना म्हणाले, "पुरे आले. आता जुंपाले हरकत नाई." वडिलांनी मला कॉलेजात घातलं ते या दाखल्यावर, असं आजा मानतात.

पण गेल्या काही वर्षांत गावात ट्रॅक्टर आले. पहिला ट्रॅक्टर सरपंचांनी आणला. पेढे वाटले, हार घातला. आजा त्याच्याभोवती एक फेरी मारून सरपंचांना म्हणाले, "याले राग आला तं कसं समजते?" सरपंच हसले, "आजा, याले राग येत नाई." "मंग भूक?" "डिझेल टाकाचं." "आन तुमी मेल्यावर हे वरडन का?" पेढे वाटणारा पोऱ्या तिथेच थांबला. त्यानंतर गोऱ्हे येणं कमी होत होत एके वर्षी एकही आला नाही. गावातला सर्वात अनुभवी मास्तर विद्यार्थ्यांविना बसला. ते मग एस.टी.ला चढावर 'हाव हाव, दम खा' म्हणू लागले, पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला की तिला चुचकारू लागले. लोक हसायचे. मीही हसायचो. बुलढाण्याच्या होस्टेलवर राहून मी तेव्हा माझं 'मले' आणि 'तुले' घासून काढत होतो, कारण माझ्या खोलीतली दुसऱ्या भागातली मुलं त्यावर हसायची. गावी आलो की आजा मला म्हणत, "याचं बोलनं काऊन इस्तरी केल्यावानी झालं?"

अशात आरोहीचं निघालं. आरोही माझ्या मोठ्या भावाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिच्या उजव्या हाताचा अंगठा जन्मापासून बारीक, आणि तो बाकीच्या बोटांसमोर यायचाच नाही. लग्नाच्या फोटोत ओढून उभ्या केलेल्या पाहुण्यासारखा कडेला ताठ उभा राहायचा. ती खडू, बिस्किट, सगळं पहिल्या दोन बोटांच्या कात्रीत धरायची. बटण लावता यायचं नाही, डब्याचं झाकण उघडायचं नाही. गाव म्हणायचं, डावखुरी होईल, चालून जाईल. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हा त्यातल्या डॉक्टरांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली. या वयात ऑपरेशन केलं तर हात कामाला येईल, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. वहिनीला एकच भीती होती, आहे तेही जायचं.

हॉस्पिटलला दादा, वहिनी, मी आणि कोणी न बोलावता आजा, असे गेलो. डॉक्टर मॅडमनी कागदावर हात काढून फार समजावून सांगितलं. तळहाताच्या कडेला करंगळीखाली जो मांसल भाग असतो, त्यातला एक स्नायू करंगळीपासून सोडवायचा, कातडीखालून वळवून आणायचा आणि अंगठ्याला जोडायचा. मग तो अंगठ्याला ओढून बोटांसमोर आणेल. दादानं मान हलवली. मी शिकलेला म्हणून जास्त हलवली. मला काही कळलं नव्हतं. आजा मॅडमच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "म्हंजे त्या अंगाचा बैल या अंगाले जुंपाचा."

मॅडमनी पेन खाली ठेवला. त्यांच्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हो. साधारण तसंच."

"बैल कासऱ्यासकट आनता का कासरा कापून?"

मला भूमी दुभंगावी असं वाटलं. पण मॅडमनी पेन पुन्हा उचलला. "कासऱ्यासकट, आजोबा. त्याची नस आणि रक्तवाहिनी तशीच ठेवतो. तीच तुटली तर स्नायू काम करणार नाही."

"आन ज्या जागचा बैल नेला, तितं कोन वढन?"

"करंगळीला ओढणारे आणखी आहेत. तिचं अडणार नाही."

"मंग करा," आजा म्हणाले, आणि दादानं त्यानंतर सही केली. आजांचं नाव कागदावर कुठेच नव्हतं, पण गावात आल्यावर त्यांनी महिनाभर असं सांगितलं की शहरात एक अवघड केस अडली होती आणि त्यांना सल्ल्याला बोलावलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानंतर प्लास्टर निघालं, आणि व्यायामाचा एक रंगीत कागद मिळाला. मळलेली कणीक चिमटीत दाबणे, दाणे उचलणे, अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावणे. घरातला वाचणारा मी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी सुट्टी काढून आलो, वेळापत्रक केलं, ते भिंतीवर लावलं, लाल पेननं चौकटी आखल्या. आरोहीनं आठ दिवसांत त्या चौकटीत फुलं काढली, तीही डाव्या हातानं. अंगठा हलवायला सांगितलं की तिची करंगळी थरथरायची आणि अंगठा तसाच राहायचा. बैल या अंगाला आला होता, पण त्याला ते माहीत नव्हतं. आजा ओट्यावरून पाहत होते. शेवटी उठले, माझं वेळापत्रक वाचता येत नसूनही वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. पन गोऱ्ह्याले वाचता येत नाई बे."

दुसऱ्या दिवसापासून शाळा गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर भरू लागली. नियम आजांचे. सकाळी, पोट रिकामं असताना. समोर कोणी उभं राहायचं नाही. रागवायचं नाही, शाबासकीही फार द्यायची नाही, त्यानं गोऱ्हा शेफारतो. थकायच्या आधी सोडायचं. सोडल्यावर मानेखाली खाजवायचं. आरोही मान वर करून, डोळे मिटून खाजवून घ्यायची. ज्वारीच्या चिपाडाची एक छोटी गाडी त्यांनी करून दिली, आणि तिचा दोरा अंगठा आणि करंगळीच्या मध्ये धरूनच ओढायचा अशी अट घातली. दोरा निसटला की गाडी थांबली. आणि प्रत्येक वेळी, अंगठा हलायच्या आधी, ती हाक. "टक् टक्... हिर्रर्र... ये माय ये!" पंधराव्या का सोळाव्या दिवशी तो अंगठा झोपेतून उठल्यासारखा हलला. वहिनी ओट्याच्या मागे उभी राहून पाहत होती. समोर यायची परवानगी नव्हती म्हणून ती तिथेच रडली.

मग गावाला नाद लागला. आरोही रस्त्यानं निघाली की रेशनच्या रांगेतून, गिरणीतून, पारावरून 'टक् टक् हिर्रर्र' सुरू व्हायचं, आणि तिचा अंगठा दर वेळी डौलानं आत वळायचा. तिनं लवकरच एका वेळेला एक चॉकलेट असा दर बांधला. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांनी तर आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'यांच्या पाठपुराव्याने यशस्वी' असं लिहून आरोहीचा हात छापला. फ्लेक्सवाल्यानं तिचा डावा, मुळात चांगलाच असलेला हात छापला होता, त्यामुळे यश फारच ठळक दिसत होतं.

पुढच्या तपासणीला वहिनी, मी आणि आजा गेलो. दारावर वॉचमन म्हणाला, दोनच जण. आजा बाहेर बाकावर राहिले. आत मॅडमभोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर उभे होते. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आरोही, अंगठा करंगळीला लावून दाखव बरं."

अंगठा हलला नाही. त्यांनी पेन्सिल दिली, बाटलीचं झाकण दिलं, खाऊची गोळी दिली. आरोहीनं गोळी दोन बोटांच्या कात्रीत उचलून खाल्ली. ती वाट पाहत होती. कशाची, हे त्या खोलीत फक्त वहिनीला आणि मला माहीत होतं. मॅडमनी हात दाबून पाहिला, शिकाऊ डॉक्टरांकडे पाहून म्हणाल्या, "हालचाल दिसत नाही," आणि कागदावर लिहायला लागल्या. मग वहिनीला म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस बघू. नाहीतर पुन्हा उघडून बघावं लागेल."

वहिनीनं माझं मनगट धरलं. "भाऊजी, आवाज द्या नं."

मी इस्त्रीच्या मराठीत म्हणालो, "आरोही बेटा, प्रयत्न कर." माझं हे वाक्य मला आजही आठवतं आणि लाज वाटते. पोरीचा हात पुन्हा कापायची गोष्ट चालली होती, आणि मी त्या पांढऱ्या कोटांपुढे आपला गावंढळपणा लपवत होतो. "अवो, आवाज द्या!" वहिनी आता ओरडलीच. मी जीभ टाळूला लावली. 'टक् टक्' निघालं. 'हिर्रर्र' मात्र शेळीसारखं फाटलं. आरोही हसली. "काका, तसं नाई. आजासारखं."

मग मी डोळे मिटले आणि दिलं. पोटातून दिलं. तेवढ्यात बाहेरून, बंद दारापलीकडून, उत्तर आलं. आजांनी आपली हाक ओळखली होती. गोऱ्हा अडला आहे असं समजून त्यांनी अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशी साद घातली, "हिर्रर्र... ये माय, ये!" वॉचमन धावत गेल्याचा आवाज आला. पण तोवर आरोहीचा अंगठा तळहात ओलांडून करंगळीला टेकला होता, आणि तिथेच घट्ट थांबला होता. एका शिकाऊ डॉक्टरनं टाळी वाजवली. मॅडमनी लिहिलेलं खोडलं, आणि आजांना आत आणायला सांगितलं.

आजा चपला हातात घेऊन आत आले. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, स्नायू उत्तम तयार केलात. पण आता हिनं आवाजाशिवाय करायला हवं. शाळेत कोण हाक देणार?"

आजांचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला मी पाहिला. "ते तं हाय बाई," ते म्हणाले. "शिकवनं सोपं असते. गप बसनं मले जमत नाई."

परतीच्या एस.टी.त ते एक शब्द बोलले नाहीत, चढावर एस.टी.शीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरले आणि पोरीला कोणी हाक द्यायची नाही अशी ताकीद देऊन आले. आरोही मात्र त्यांना पाहिलं की हात पुढे करून उभी राहायची. "आजा, आवाज दे नं." ते तोंड फिरवायचे. चार दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, सोनाळ्याला दिली आहे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वडील म्हणाले, "मामा, काऊन जाता? आमचं काई चुकलं का?" आजा म्हणाले, "शिकवनाऱ्यासमोर गोऱ्हा सोताच्या मनानं चालत नसते. तो तोंडाकडं पाहते." आणि गेले.

नंतरचे दिवस वाईट गेले. हाक बंद झाली आणि अंगठाही बंद झाल्यासारखा झाला. आरोही पुन्हा कात्रीत धरू लागली. गिरणीवाला चोरून 'टक् टक्' करायचा, त्याच्याशी वहिनी पीठ न घेताच भांडून यायची. पुढच्या तपासणीची तारीख जवळ येत होती आणि घरात त्या तारखेचं नाव कोणी काढत नव्हतं. मी बुलढाण्याहून दर रविवारी फोन करायचो. दादा म्हणायचा, नाई अजून. मग मी सोनाळ्याला फोन करायचो, आणि आत्या सांगायची, "फोन वाजला का जवळ येऊन बसते. इचारत काई नाई. मी 'नाई अजून' म्हनलं का उठून जाते."

मागच्या आठवड्यात मधल्याच वारी वहिनीचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. अंगणवाडीतल्या एका पोराची आई भांडायला आली होती, पोराचा दंड धरून. चिपाडाची गाडी कोणी ओढायची यावरून दोघांचं लागलं, आणि आरोहीनं त्याला चिमटा घेतला. उजव्या हातानं. तेव्हा तिथे कोणी नव्हतं, कोणी काही म्हणालं नव्हतं. वहिनीनं त्या बाईला बसवून घेतलं, चहा केला, आणि तो निळा डाग इतक्या वेळा पाहिला की ती बाई भांडणच विसरली.

मी लगेच सोनाळ्याला फोन लावला आणि आत्याला म्हटलं, या वेळी त्यांनाच दे. फोनवर श्वास ऐकू येऊ लागला. मी सगळं सांगितलं. आजांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती निळं पडलं?"

"रुपयाएवढं, आजा."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग आत्याचाच आवाज आला. "काय सांगतलं रे तू त्याईले? डोये पुसून राह्यले, आन म्हनते, त्या पोराले माह्याकडून गुळाचा खडा द्या म्हना."